घाट चढण्याआधीचा डबा

बाबांची सगळी नोकरी कर्जतला गेली. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की मागून बँकर इंजिनं जोडायची, भोर घाटातून लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची आणि मोकळी इंजिनं घेऊन पुन्हा खाली यायचं. इंजिनं जोडायला जी काही मिनिटं लागतात, तेवढ्यात फलाटावर दिवाडकरांचे वडे हातोहात जातात. आम्ही त्या वासात वाढलो. म्हणून गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने टोकियोहून फोनवर सांगितलं, "बाबा, इथेपण एक कर्जत आहे. घाटाखालचं स्टेशन, मागून इंजिनं लावायचे आणि तेवढ्या वेळात लोक फलाटावर डबा घ्यायचे," तेव्हा जपानला जायचं की नाही हा प्रश्न उरलाच नाही. आईचे गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. नोव्हेंबरात बाबा आणि मी, दोघंच निघालो.

पहिला दिवस, सोमवार

भाऊ निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या पूर्वेच्या एदोगावा भागात आपली बरीच मंडळी आहेत, फलाटावर उतरल्या उतरल्या कानावर हिंदी पडलं. वहिनीने वरण-भात करून ठेवला होता, पण बाबांना संध्याकाळीच 'इथले लोक काय खातात' ते बघायचं होतं. भाऊ आम्हाला कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत घेऊन गेला.

कोन्बिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. बिलं भरा, पैसे काढा, कुरिअर पाठवा आणि जेवण घ्या. बेन्तोचे, म्हणजे तयार जेवणाचे, डबे थंड कपाटात ओळीने लावलेले. बाबांनी एक उचलला आणि चष्मा वर करून चिकटवलेली पट्टी वाचायला लागले. जपानी अक्षरं कळायचा प्रश्न नव्हता, पण आकडे कळत होते. तारीख होती आणि तारखेपुढे तास होता. अमुक दिवशी रात्री दोनपर्यंत खा, असं. भावाने सांगितलं की ती वेळ उलटलेला डबा गल्ल्यावर स्कॅन केला तर मशीनच तो घेत नाही. आयुष्यभर घड्याळावर चाललेल्या माणसाला ही गोष्ट फार आवडली. त्यांनी दोन-तीन डब्यांवरच्या वेळा पडताळून पाहिल्या. सकाळी बनलेले आणि दुपारी बनलेले वेगळे ओळखू येत होते.

गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "आताताएमासु का?" म्हणजे गरम करून देऊ का. हे एक वाक्य कानात बसवून जावं, कारण ते प्रत्येक दुकानात विचारतात. इथेच बसून खाल्लं तर दहा टक्के कर, घरी नेलं तर आठ, असा २०१९ पासूनचा नियम आहे. पिशवीचे पैसे वेगळे.

डब्यात भात, मिठाचा भाजलेला साल्मन, गोडसर अंड्याची गुंडाळी, थोडं लोणचं आणि मासा व अंडं यांच्यामध्ये हिरव्या प्लास्टिकचं गवताचं पातं. पूर्वी तिथे खरं पान कापून घालायचे. एका पदार्थाचा वास दुसऱ्याला लागू नये, ही त्यामागची काळजी. ओनिगिरीचं वेष्टन तर बाबांनी तीनदा बघितलं. तांदळाचा त्रिकोणी गोळा आणि नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, पान यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. वरून मधली पट्टी खाली ओढायची, मग उजवा कोपरा, मग डावा. वेष्टनावर १, २, ३ असे आकडेच छापलेत. पापुद्रा निघून जातो आणि त्या क्षणी नोरी भाताला लागते, म्हणून ती कुरकुरीत राहते.

दुसरा दिवस, मंगळवार

दिवसभर विश्रांती. रात्री आठनंतर भावाबरोबर जवळच्या सुपरमार्केटात गेलो. एक कर्मचारी चिकटपट्ट्यांचं बंडल घेऊन डब्यांवर पिवळी-लाल पट्टी लावत चालला होता. आधी वीस टक्के कमी, मग 'हानगाकु', म्हणजे अर्धी किंमत. ऑफिसातून उशिरा सुटलेले लोक जरा लांब, शांत उभे होते. तो पुढे सरकला की मग हात पुढे व्हायचे. कुणी त्याला घाई केली नाही, आधीच धरून ठेवलेला डबा त्याच्यापुढे केला नाही. ताजं अन्न उद्यावर टाकायचं नाही आणि फुकटही घालवायचं नाही, यातून ही रीत आली आहे. प्रवासात खर्च सांभाळायचा असेल तर संध्याकाळची ही वेळ साधावी, मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातही तेच चालतं.

झोपण्याआधी भावाने मला एका कागदावर चार अक्षरं काढून दिली. गाय, डुक्कर, कोंबडी आणि मांस. आम्ही मासे-कोंबडी खातो, पहिली दोन खात नाही. गाईचं अक्षर सोपं निघालं: एक उभी रेघ, तिला छेदणाऱ्या दोन आडव्या आणि डावीकडे वर शिंगासारखी छोटी तिरकी. मांसाचं अक्षर म्हणजे वरून बंद, खालून उघडी चौकट आणि आत एकाखाली एक दोन माणसं. तो कागद मी पासपोर्टात ठेवला.

तिसरा दिवस, बुधवार

भाऊ ऑफिसला गेला, आम्ही दोघं टोकियो स्टेशनवर. तिथे तिकिटाच्या फाटकाच्या आत 'एकिबेन्या मात्सुरी' नावाचं दुकान आहे. एकि म्हणजे स्टेशन, बेन म्हणजे बेन्तो: स्टेशनचा डबा तो एकिबेन. देशभरातल्या स्टेशनांचे साधारण दोनशे तऱ्हेचे डबे तिथे एका छताखाली मिळतात आणि पहाटे साडेपाचला दुकान उघडतं. मी आजवर अन्नाची इतकी देखणी मांडणी पाहिलेली नाही. होक्काइदोतल्या मोरी स्टेशनचा भात भरलेला माकूळ, आकाशीचा मातीच्या मडक्यातला ऑक्टोपसचा भात, ताकासाकीचा लाल दारुमा बाहुलीच्या आकाराचा डबा. प्रत्येक डबा आपल्या गावचं काहीतरी घेऊन आलेला. ज्या गावात जे पिकतं किंवा समुद्रातून येतं, ते त्या गावच्या डब्यात.

एक डबा मला दिसताक्षणी आवडला. भातावर तपकिरी, चकचकीत मांसाचा थर होता. कागद काढून बघितला, शिंगवालं अक्षर होतं. तो योनेझावाचा, गोमांसाचा. परत ठेवला. बाबा म्हणाले, "आत्ता काहीच नको. घाटाखाली जाऊनच खाऊ." दोन बाटल्या चहा तेवढा घेतला.

हे मात्र लक्षात ठेवा, की गाडीत बसल्यावर डबा मिळेल या भरवशावर राहू नये. टोकियोहून ओसाकाकडे जाणाऱ्या तोकाइदो शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमधली खाण्याची ट्रॉली २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. डबा स्टेशनवरच घ्यावा. शिन्कान्सेनमध्ये आपल्या जागेवर बसून खुशाल खावं, शहरातल्या लोकलमध्ये खाऊ नये.

शिन्कान्सेनने ताकासाकी आणि तिथून छोट्या गाडीने अर्ध्या तासावर योकोकावा. डोंगर जवळ यायला लागले तसे बाबा खिडकीला चिकटले. योकोकावाला गाडी थांबली आणि थांबलीच, कारण पुढे रूळ नाहीत. १८९३ साली इथून उसुइ घाट चढून कारुइझावापर्यंत रेल्वे गेली. चढ इतका कडक की सुरुवातीला रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकून त्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकवत गाडी वर नेत. १९६३ मध्ये ती पद्धत गेली आणि ईएफ ६३ जातीची विजेची इंजिनं आली. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला खालच्या बाजूने अशी दोन इंजिनं लावायचे. १९९७ मध्ये नागानोपर्यंत शिन्कान्सेन सुरू झाली आणि घाटातला हा रस्ता कायमचा बंद झाला.

स्टेशनला लागूनच जुन्या इंजिन शेडच्या जागी रेल्वेचं उद्यान-संग्रहालय आहे. ईएफ ६३ तिथे उभी आहेत. बाबा एका इंजिनाच्या केबिनमध्ये चढले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. मग हँडलवर हात ठेवला. तिथे माहिती द्यायला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, बाबांना जपानी. मी मोबाइलवर भाषांतर करून एवढंच दाखवलं की हे भारतात घाटातली बँकर इंजिनं चालवत होते. त्या गृहस्थांनी लगेच खिशातून वही काढली आणि लिहिलं: ६६.७. मग तळहात तिरका धरून दाखवला. बाबांना कळायला क्षणही लागला नाही. हजारात सहासष्ट पॉइंट सात, म्हणजे पंधरा फुटांना एक फूट चढ. बाबांनी वही घेतली, आपला सदतिसास एकचा चढ लिहिला, तिथेच भागाकार केला आणि २७ लिहून त्याखाली रेघ मारली. गृहस्थांनी २७ वर बोट ठेवून मान डोलावली. मग बाबांनी तीन बोटं दाखवली, आपल्याकडे मागे तीन तीन इंजिनं लावायचे म्हणून. त्यांनी दोन बोटं दाखवली. पुढची दहा मिनिटं दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि मी गप्प उभी राहिले, कारण माझ्या मोबाइलची त्यात काही गरज नव्हती. बाबा नंतर मला म्हणाले, "आमच्या दुपटीहून जास्त चढ गं. उतरताना ब्रेकवर काय लक्ष ठेवावं लागत असेल."

मग डबा. ओगिनोया हे दुकान १८८५ पासून योकोकावात आहे. स्टेशनसमोरच त्यांचं मूळ दुकान आहे आणि फलाटाशीही त्यांचा डबा मिळतो. त्या काळी एकिबेन म्हणजे थंड जेवण. दुकानाच्या त्या वेळच्या मालकीणबाई थांबलेल्या गाड्यांमधल्या प्रवाशांना विचारत फिरायच्या, की तुम्हाला काय खायला आवडेल. गरम हवं, घरच्यासारखं हवं, असं उत्तर यायचं. त्यातून १९५८ मध्ये 'तोगे नो कामामेशी' आला, म्हणजे घाटातला मडक्यातला भात. मडकं माशिको गावच्या कुंभारांचं, जाड, म्हणून भात गरम राहतो.

हजार येनच्या वर किंमत, दोन घेतले. हातात घेतल्यावर पहिल्यांदा वजन जाणवतं, मग ऊब. मडक्यावर मातीचं झाकण, झाकणावर छापील कागद आणि त्यावरून बांधलेली दोरी. बाकावर बसून मडकं मांडीवर घेतलं. गार वारा होता, समोरचे मेपल लाल झाले होते आणि मांडीला त्या मडक्याची धग लागत होती. दोरी सोडली, झाकण उचललं. सोया सॉसमध्ये शिजलेला तपकिरी भात आणि त्यावर कोंबडीचे तुकडे, बांबूचे कोंब, गोबो नावाचं मूळ, शीताके अळंबी, लावीचं एक अख्खं अंडं, हिरवे वाटाणे, लाल आलं, एक सबंध चेस्टनट आणि कडेला एक गोड जर्दाळू. प्रत्येक वस्तू वेगळी शिजवलेली आणि वेगळी ठेवलेली, वरून पाहिलं तर रांगोळीसारखं. लोणच्यांचा छोटा डबा वेगळा. भाताला तेल नाही, मसाला नाही, तरी फिका नाही. तळाशी जरा घट्ट झालेला भात सगळ्यात चविष्ट. बाबांनी जर्दाळू शेवटी खाल्ला.

खाता खाता मी त्यांना वाचलेलं सांगितलं. घाटातली गाडी सुटायची तेव्हा डबे विकणारे फलाटावर रांगेत उभे राहायचे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकून नमस्कार करायचे. बाबांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "मला वडेवाले हात करायचे. मी शेवटच्या इंजिनात असायचो ना, सगळा फलाट मला मागे जाताना दिसायचा." ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती.

दुपारी बसने कारुइझावा आणि तिथून पुन्हा शिन्कान्सेनने तोयामा. रात्री हॉटेलच्या खोलीत 'मासु नो सुशी' उघडली. हा तोयामाचा डबा, १९१२ पासून स्टेशनवर विकला जातो. वाकवलेल्या लाकडी पट्टीचा गोल डबा, वर-खाली बांबूच्या काड्या, त्यांना ताणलेले रबर. रबर काढला की झाकण सैल होतं, आत हिरवीगार बांबूची पानं पाकळ्यांसारखी दुमडलेली. ती एकेक उलगडली की खाली व्हिनेगरमध्ये मुरलेल्या ट्राउटचा गुलाबी थर आणि त्याखाली दाबलेला भात. सोबतच्या प्लास्टिकच्या सुरीने केकसारखे तुकडे पाडायचे. पानाचा वास भाताला लागतो, अगदी आपल्याकडे हळदीच्या पानाचा पातोळ्यांना लागतो तसा. बाबांना आंबटपणा जरा जास्त वाटला, मला मात्र हा डबा फार आवडला.

चौथा दिवस, गुरुवार

बाबांचा गुरुवार. दत्ताचा वार ते नोकरीत पाळत आले, जपानात मोडायचा प्रश्न नव्हता. आणि खरी अडचण इथे आहे. मांस-मासे न दिसणारे पदार्थ पुष्कळ मिळतात, पण रस्सा, भाजी, अंडं, सगळ्याच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या कात्सुओ माशाची. गोड तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला इनारीचा भात दिसायला निव्वळ शाकाहारी, पण ती तोफू बहुधा दाशीतच शिजते. उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाच्या ओनिगिरीतही कधी कधी कात्सुओ मिसळलेला असतो. शाकाहारी माणसाने हे माहीत करून घेऊनच निघावं, 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही.

म्हणून त्या दिवशी डबा आम्हीच जमवला. तोयामा स्टेशनजवळच्या दुकानातून साध्या पांढऱ्या भाताचं पाकीट, उकडलेल्या एदामामेच्या, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या, शेंगा, काकडीची सुशी 'कप्पामाकी', दोन काकी फळं आणि दाराशीच ठेवलेल्या भट्टीतलं भाजलेलं रताळं. रताळ्याला याकिइमो म्हणतात, थंडीत जागोजागी मिळतं. साल काढलं की आतून पिवळं, मधासारखं गोड आणि ओलसर. गाडी सुटली, डावीकडे समुद्र, उजवीकडे बर्फाचे तातेयामाचे डोंगर. खुर्चीपुढचं फळकुट उघडून मी सगळं मांडलं. जपानी तांदूळ गार झाला तरी कडक होत नाही, शितं एकमेकांना धरून राहतात, म्हणून हे गार डब्याचं जेवण या देशात चालतं. आपला जुना कोलम असा गार खाऊन बघा, घशाखाली उतरत नाही. बाबांनी रताळ्याचा पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले. कर्जतला उपासाच्या दिवशी त्यांच्या डब्यातही रताळंच असायचं.

टोकियो स्टेशनवर भाचीसाठी ताकासाकीचा दारुमा डबा घेतला. खाऊन झालं की बाहुलीच्या तोंडाच्या फटीतून नाणी टाकायची, म्हणजे गल्ला तयार.

पाचवा दिवस, शुक्रवार

पावसामुळे घरीच. सकाळी वहिनी भाचीच्या बालवाडीचा बेन्तो भरत होती, तो शेजारी उभी राहून बघितला. तळहाताएवढा डबा. छोटे भाताचे गोळे, ब्रोकोलीचे दोन तुरे, अंड्याची गुंडाळी, मेथीच्या पराठ्याचा नाण्याएवढा तुकडा. वहिनी म्हणाली, "ताई, पहिल्या वर्षी मी खूप भरून द्यायचे. बाईंनी सांगितलं, कमी द्या, म्हणजे सगळं संपवल्याचा आनंद तिला मिळेल." दुपारी भाचीने रिकामा डबा आजोबांना उघडून दाखवला. एक शीत शिल्लक नव्हतं.

सहावा दिवस, शनिवार

सगळे मिळून उत्सुनोमियाला गेलो. १६ जुलै १८८५ रोजी ओमियाहून इथवर रेल्वे आली आणि त्याच दिवशी या स्टेशनवर जपानचा पहिला एकिबेन विकला गेला असं सर्वसाधारणपणे मानतात. आणखीही काही स्टेशनं हा मान सांगतात. उमेबोशी घातलेल्या दोन ओनिगिरी आणि पिवळ्या मुळ्याचं लोणचं, बांबूच्या सालीत गुंडाळलेलं, किंमत पाच सेन (शंभर सेनचा एक येन). एवढाच तो डबा. आज गावाची ख्याती ग्योझाची, म्हणजे सारण भरलेल्या करंजीसारख्या पदार्थाची, आहे. आम्ही स्टेशनवर साध्या ओनिगिरी घेतल्या, बाकावर बसून खाल्ल्या. बाबा म्हणाले, "घरून निघताना आई फडक्यात भाकरी आणि कांदा बांधून द्यायची. तेच हे."

सातवा दिवस आणि नंतर

परतीच्या विमानात दोन्ही मडकी बाबांच्या स्वेटरात गुंडाळून हातातल्या पिशवीत आली. ती बॅगेत टाकायला ते तयारच झाले नाहीत.

कर्जतला पोचल्यावर चौथ्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जपानी तांदूळ नव्हता, आंबेमोहोर घेतला, कारण तोही शिजल्यावर चिकटतो. अर्धा तास भिजवला, मग तो मडक्यातच, मंद आचेवर. कोंबडीचे तुकडे वेगळे शिजवले, लावीच्याऐवजी कोंबडीचं अर्धं अंडं, गोबोऐवजी गाजर, वाटाणे आणि कडेला एक भिजवलेला जर्दाळू. लिंबाचं लोणचं वेगळ्या वाटीत. झाकण ठेवलं, त्यावर कागद आणि वरून सुतळीची गाठ. आई बाहेर झोपाळ्यावर बसली होती. बाबांनी मडकं तिच्या मांडीवर ठेवलं. तिने दोन्ही हात त्याच्याभोवती धरले आणि गाठ सोडायच्या आधीच म्हणाली, "अहो, किती ऊबदार आहे हे."